एकेरीवर आलेली जोडी

शटल दोघांच्या मधोमध पडलं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा पडत नव्हतं आणि शेवटचंही पडत नव्हतं. जाळीपलीकडून आलेलं ते शटल दोघांनाही अगदी सहज घेता आलं असतं आणि घात झाला तो त्यामुळेच. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही घ्या." नळसाहेब म्हणाले, "नको, तूच घे." पाहुण्यांपुढच्या बशीत शेवटचं बिस्किट राहतं तसं ते शटल जमिनीवर राहिलं.

"घ्या!" बाई वैतागून म्हणाल्या.

नळसाहेब तत्परतेने धावले आणि पडलेल्या शटलला त्यांनी वाकून फटका मारला. शटल उडून प्रशिक्षकांच्या चहात पडलं.

खरं तर यात दोष कोणाचाच नव्हता, दोष 'घ्या' या शब्दाचा होता. 'घ्या' म्हणजे हातात घ्या आणि 'घ्या' म्हणजे झालं का समाधान, असे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने एकाच शब्दात कोंबून ठेवले आहेत. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकोच्या तोंडी कोणत्या वेळी कोणता अर्थ आहे हे कळायला नवऱ्याला निदान तिचा चेहरा बघावा लागतो, आणि बॅडमिंटनच्या दुहेरीत जोडीदाराचा चेहरा बघायला सवड नसते. 'जाऊ द्या'ची तर आणखीच पंचाईत. शटल बाहेर चाललंय, सोडून द्या, हे एक 'जाऊ द्या'. चुकलात तर चुकलात, मनाला लावून घेऊ नका, हे दुसरं. नळसाहेबांना यांतला फरक कळेपर्यंत समोरच्यांचा गुण झालेला असे.

आणि ही देशाची राष्ट्रीय जोडी होती.

देश लहान. जगाच्या हवामानाच्या बातम्यांत तो नेहमी निवेदिकेच्या कोपराखाली येतो, त्यामुळे आपल्याकडे उद्या ढग आहेत की ऊन हे तिने हात हलवल्याशिवाय कळत नाही. यंदाच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांना देशातर्फे एक नेमबाज, एक पोहणारी, एक वजन उचलणारा आणि मिश्र दुहेरीची ही जोडी असं पथक जाणार होतं. देशात मिश्र दुहेरीच्या जोड्याच मुळात दोन. त्यांतल्या विजेत्या जोडीने घटस्फोट घेतला. त्याचं दुःख त्यांच्या नातेवाइकांच्या खालोखाल नळसाहेबांना झालं, कारण उपविजेते ते होते.

नळसाहेब पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक. त्यांनी जन्मात एकही नळ स्वतःच्या हाताने सोडवला नव्हता, पण कोणाकडे पाणी आलं नाही की लोक वाटेत त्यांना अडवत, त्यावरून हे नाव पडलं. बाई शाळेत गणित शिकवत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं असल्यामुळे उरलेलं अर्धंही त्यांना बाईच म्हणे. घरी नळसाहेबांची आई होती. ती सोडली तर बाईंना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

पथक जाहीर झालं त्याच दिवशी क्रीडा महासंघाच्या सचिवांनी जोडीला कचेरीत बोलावलं. "अभिनंदन," ते म्हणाले, "आणि आता स्पष्टच बोलतो. या वेळी एका तरी गेममध्ये दोन आकडी गुण दिसले पाहिजेत. नाही दिसले तर बॅडमिंटन बंद. हॉल अभिलेख विभागाला द्यायचा. त्यांना जुन्या फायली ठेवायला जागा नाही."

नळसाहेबांना, सरकारी माणूस या नात्याने, फायलींची थोडी कणवच आली. बाई मात्र घरी येईपर्यंत झपझप पुढे चालत राहिल्या. शाळा, वह्या, सासूबाईंची औषधं, स्वयंपाक, सगळं त्या न कुरकुरता ओढत. पण संध्याकाळी हॉलमध्ये शिरताना त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना स्पष्ट दिसायचं. दिवसातला तेवढाच एक तास त्यांचा होता. हॉल गेला असता तर नळसाहेबांच्या गुडघ्यांना बरंच वाटलं असतं, पण बाईंचा तो तास गेला तर घरातलं काय काय त्याच्याबरोबर जाईल याचा विचारही त्यांना नको वाटला. त्यांना भीती वाटली. दोन आकडी गुण काहीही करून मिळवायचे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये प्रशिक्षकांनी चहातलं शटल बाहेर काढलं, झटकलं आणि निदान सांगितलं. ते अविवाहित होते, त्यामुळे त्यांना सगळं सोपं दिसे.

"तुमचा खेळ वाईट नाही. तुमची भाषा वाईट आहे," ते म्हणाले. "'अहो, तुम्ही घ्या' म्हणून होईपर्यंत शटल पडतं. उद्यापासून कोर्टावर अहो-जाहो बंद. बाई, तुम्ही यांना 'घे' आणि 'सोड' एवढंच म्हणायचं. सरळ एकेरीवर या."

"यांना?" बाई म्हणाल्या.

"यांनाच. दुसरं आहे कोण?"

आता, बाईंना अरे-तुरे करता येत नव्हतं अशातला भाग नाही. शाळेत त्यांच्या तोंडून दिवसभर 'अरे गाढवा'पासून 'कुठे लक्ष आहे तुझं'पर्यंत सगळं सुटत असे. गावातल्या डॉक्टरला, वकिलाला, बँकेच्या मॅनेजरला त्या 'अरे' म्हणत, कारण ते सगळे कधी ना कधी त्यांच्या वर्गात कान धरून उभे राहिलेले होते. अख्ख्या गावात माफी होती ती एकट्या नळसाहेबांना. आणि नळसाहेबांनी जरी उदारपणाने "हो हो, म्हण की, त्यात काय आहे" असं म्हटलं असलं, तरी ती माफी आपली काही खास लायकी पाहूनच मिळाली आहे अशी त्यांची आतून समजूत होती.

घरी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी बाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून टेबलावर पेला ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी घे."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं? कोणाला पाणी देतेस?"

"कोणी नाही, आई. हेच आहेत."

 मग सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. नळसाहेबांनी प्रशिक्षकांचं नाव, देशाची अब्रू आणि शटलचा वेग अशा क्रमाने खुलासा केला. सासूबाईंनी तो ऐकून घेतला. नळसाहेबांना वाटत होतं, आता रडारड होणार. सासूबाई म्हणाल्या, "खेळासाठी असेल तर माझी ना नाही. पण रॅकेट हातात असेल तेवढ्यापुरतंच. रॅकेट खाली ठेवली की अहो."

हा तोडगा सगळ्यांना एकदम पसंत पडला. तो किती धोकादायक आहे हे नळसाहेबांना दोन दिवसांनी कळलं. ते पेपर वाचत बसले होते आणि बाई स्वयंपाकघरातून आल्या त्या एका हातात रॅकेट घेऊनच.

"कचरा बाहेर ठेवलास?"

"अगं, आपण काही आत्ता खेळत नाही आहोत."

"सराव आहे हा. ठेवलास की नाही?"

नळसाहेब उठून कचरा ठेवून आले. त्यानंतर रॅकेट खुंटीवरून निघाली की ते आधीच उठून उभे राहू लागले. दिव्याचं बिल भरलंस का. टॉवेल पलंगावर टाकू नकोस. वीस वर्षांत बाईंना हे सांगायचं नव्हतं असं थोडंच आहे. पण 'तुम्ही टॉवेल पलंगावर टाकू नका' हे वाक्य तोंडातून निघता निघताच विनंती होऊन जातं, आणि विनंतीचा विचार करायला नळसाहेब नेहमीच भरपूर वेळ घेत. सासूबाई पलीकडे बसून हे सगळं पाहायच्या. नियम त्यांचाच असल्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं, आणि नळसाहेबांना संशय होता की त्यांना काही बोलायचंही नव्हतं.

एकदा बाई गॅलरीत आल्या. रॅकेट होती, पण आवाज सरावाचा नव्हता. "मी काही सांगायला लागले की तू माझं वाक्य पुरं करतोस," त्या म्हणाल्या. "आणि दर वेळी चुकीचं पुरं करतोस." मग आत जाऊन त्यांनी रॅकेट खुंटीला लावली आणि तिथूनच हाक मारली, "अहो, जेवायला चला."

नळसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोटं असतं तर त्यांनी खोडून काढलं असतं.

मन मोकळं करायला ते शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बोलायला एका पायावर तयार असत, फक्त फुकट बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी नळसाहेबांना खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. "माझं ऐका, नळसाहेब," ते दाढेला आरसा लावत म्हणाले. "समोरच्याच्या तोंडात हत्यार असतानाच प्रश्न विचारावेत. उत्तर येत नाही. संसार त्याच तत्त्वावर चालतो. तुमच्याकडे गडबड एवढीच झालीय की हत्यार त्यांच्या हातात गेलंय." एवढं सांगून त्यांनी एक दाढ काढायला झाली आहे असंही सांगितलं आणि काढली.

नळसाहेब गाल धरून जिना चढत असताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं. याच काकूंनी आदल्या दिवशी खिडकीतून बाईंना रॅकेट उगारून काही बोलताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी नळसाहेबांना आत बोलावून दार लावून घेतलं. "घरी काही त्रास असेल तर रजा घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "संकोच करू नका. माझंही तरुणपणी झालंय." नळसाहेबांनी हा सगळा बॅडमिंटनचा सराव आहे असं समजावून सांगितलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो, मीही तेव्हा पाय घसरून पडलो असंच सांगायचो."

अब्रू अशी चहूबाजूंनी चालली होती, पण शटल मधोमध पडणं थांबलं होतं, हेही खरं. 'घे' म्हटलं की नळसाहेब घेत, 'सोड' म्हटलं की सोडत. आपण इतके चांगले खेळतो हे त्यांना माहीत नव्हतं. निर्णय बाई करत होत्या, ही गोष्ट त्यांनी फारशी लक्षात घेतली नाही.

निघायच्या आधी एकच अडचण उभी राहिली. सचिवांनी पथकाला शिस्तीवर भाषण दिलं. मागच्या स्पर्धेत नेमबाजाने पोहणारीला कॅमेऱ्यासमोर 'ए म्हशे' म्हटलं होतं, त्यामुळे या खेपेला कोणी कोणाचा एकेरी उल्लेख केला तर घरी परत पाठवलं जाईल, असं त्यांनी बजावलं. प्रशिक्षक घाबरले. त्यांनी आमच्या जोडीला तेवढी सूट द्या म्हणून सचिवांना फोन लावला. त्या दिवशी स्पर्धेसाठी नावं पाठवायची शेवटची तारीख होती आणि सचिवांच्या टेबलावरचे तिन्ही फोन वाजत होते.

"साहेब, आमची दुहेरीची जोडी एकेरीवर आली तर चालेल ना?"

"एकेरीवर? आत्ता? कोण, बाई?"

"मुख्य बाईच. पण दोघंही धरा."

"दुहेरी जमत नाही का?"

"साहेब, एकेरीवर आल्याशिवाय दुहेरी जमणारच नाही."

"हे मला काही समजत नाही, पण तुमचा आग्रह असेल तर करून टाकतो," सचिव म्हणाले. "मागाहून तक्रार नको."

"तक्रार कसली? उपकार झाले," प्रशिक्षक म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि जोडीला पेढे मिळाल्यासारख्या चेहऱ्याने बातमी सांगितली: परवानगी मिळाली.

खेळाडूंच्या निवासात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सामन्यांचा फलक लागला. नळसाहेबांनी मिश्र दुहेरीचा रकाना वरून खाली आणि खालून वर वाचला. देशाचं नाव नव्हतं. ते पुरुष एकेरीत होतं. महिला एकेरीतही होतं. प्रशिक्षकांचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू त्यांना आपलंच फोनवरचं बोलणं आठवत गेलं, आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

सचिव नाश्त्याला होते. "तुम्हीच सांगितलंत," ते लोणी लावता लावता म्हणाले. "एकेरीवर यायचंय म्हणून. मी दोनदा विचारलं."

"साहेब, एकेरीवर म्हणजे अरे-तुरेवर!"

सचिवांचा चाकू थांबला. "मग तसं सांगायचं," ते म्हणाले. "आता काही होत नाही. आणि दोन आकड्यांची अट आहे तशीच आहे. ती मी लावलेली नाही, वरून आलेली आहे."

नळसाहेबांनी आयुष्यात एकेरी सामना खेळलेला नव्हता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. इतके दिवस घशाला कोरड पडेपर्यंत केलेली मेहनत, ऐकून घेतलेल्या गोष्टी, गेलेली दाढ, सगळं पाण्यात गेलं होतं. बाई फलकासमोर उभ्या होत्या. स्वतःच्या नावावर त्यांची नजर खिळली होती.

नळसाहेबांचा सामना थोडक्यात सांगता येतो, कारण तो थोडक्यात झाला. एकेरीचं कोर्ट खरं म्हणजे दुहेरीपेक्षा अरुंद असतं, पण त्यांना ते न संपणारं वाटलं. शटल डावीकडे आलं की ते सवयीने बाजूला होऊन वाट करून देत, आणि वळून पाहावं तर तिथे कोणी नसे. दोन्ही गेम मिळून त्यांना तीन गुण मिळाले. त्यांतले दोन समोरच्याने दया येऊन दिले असावेत. वीस वर्षं आपण मागचं कोर्ट सांभाळतो आणि बाई पुढे किरकोळ काम बघतात, असं ते लोकांना सांगत आले होते. घाम पुसताना ते पहिल्यांदाच या विधानाचा शांतपणे विचार करू लागले.

बाईंचा सामना दुपारी होता. समोरची मुलगी त्यांच्या विद्यार्थिनीच्या वयाची, उंच, आणि अशा देशाची, की जिथे बॅडमिंटनची वेगळी शाळा असते. कोर्टाच्या कडेला प्रशिक्षकांसाठी दोन खुर्च्या होत्या. एकीवर प्रशिक्षक बसले, दुसरीवर नळसाहेब.

पहिला गेम बाईंनी एकवीस-सातने घालवला. पण नळसाहेब गुण पाहत नव्हते. बाई सगळीकडे होत्या. जाळीपाशी होत्या, मागच्या रेषेवर होत्या, दोन्ही कोपऱ्यांत होत्या. आणि त्या गप्प होत्या. कोणाला काही विचारायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं, कोणाचा मान राखायचा नव्हता. हरत होत्या, तरी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते नळसाहेबांनी घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला आणि लगेच त्यामागून कसंसंच झालं, कारण या चेहऱ्यात आपण कुठेही नाही हेही त्यांना दिसलं.

मधल्या विश्रांतीत त्यांनी बाईंना पाच सूचना केल्या. बाई पाणी पीत राहिल्या आणि शाळेत फार बोलणाऱ्या पालकांकडे बघतात तशा त्यांच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या गेममध्ये सात झाले, आठ झाले. मग बराच वेळ काहीच होईना. समोरची वीसवर पोचली तेव्हा बाईंचे नऊ होते. आता एक शटल पडलं की सामना संपणार होता. सामन्याबरोबर हॉल, आणि हॉलबरोबर संध्याकाळचा तास. प्रशिक्षकांनी डोळ्यांवर हात घेतला.

फटक्यांची देवाणघेवाण लांबत गेली. मग त्या मुलीने शटल उंच उडवलं, बाईंच्या डोक्यावरून, थेट मागच्या रेषेकडे. नळसाहेबांना खुर्चीतून स्वच्छ दिसलं की हे आत पडतंय. अगदी आत. ते अर्धे उठले. 'घे' त्यांच्या जिभेवर आलं, सगळ्या अर्थांसकट. त्यांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ कशाचीही वाट बघत नव्हती. त्यांनी तोंड मिटलं. वीस वर्षांत त्यांनी बाईंचं पुरं न केलेलं ते पहिलं वाक्य असावं.

बाईंनी रॅकेट खाली केली आणि त्या एक पाऊल बाजूला झाल्या. शटल रेषेच्या बाहेर पडलं, बोटभर बाहेर.

दहा.

पुढचाच गुण त्या मुलीने घेतला आणि सामना संपला, पण ते आता कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. प्रशिक्षक रडत होते. सचिव कोर्टाच्या कडेने धावत आले आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "एकेरीचा निर्णय माझा होता. मी दूरवरचा विचार केला." हॉल वाचला होता. फायलींचं काय ते फायलींनी बघायचं होतं.

"पुढच्या वेळी काय घालू, बाई?" सचिवांनी विचारलं. "पुन्हा दुहेरीत घालतो. चूक झाली ती झाली."

"नाही," बाई म्हणाल्या. "एकेरीच घाला."

त्या चटकन बोलल्या. विचार करावा लागला नाही, कारण तो बहुधा पूर्वीच करून ठेवलेला होता. सचिवांनी नळसाहेबांकडे पाहिलं, आणि मग बाईंनीही पाहिलं. नळसाहेबांना वाईट वाटलं. बरंच वाईट वाटलं; दाढेपेक्षा जास्त. जोडी मोडली होती आणि मोडताना कोणी भांडलंही नव्हतं. "घाला," ते म्हणाले. "मला काय विचारता? तीन गुणांच्या माणसाला."

निवासाच्या लिफ्टपाशी दोघंच उभी होती. बाईंची रॅकेट पिशवीत गेली होती आणि चपला हातात होत्या, पायांना फोड आले होते. नळसाहेबांनी बराच वेळ आकड्यांकडे बघत धीर गोळा केला.

"दुहेरी तुला कधीच आवडलं नाही का?"

बाईंनी विचार केला. त्यांचं वाक्य यायला वेळ लागला तरी नळसाहेब मध्ये बोलले नाहीत.

"तुझ्याबरोबर आवडायचं," त्या म्हणाल्या. "खेळ म्हणून नाही."

लिफ्ट आली. नळसाहेबांनी दार धरून ठेवलं आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.